महिपती रोमच्या गादीवर बसतो

टेपवाडीचं नाटक दुपारी तीनला सुरू व्हायचं. नाटकं रात्रीची असतात हे टेपवाडीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण एका साली गॅसबत्ती भडकली, दशरथाच्या दाढीनं पेट घेतला, दाढीवरून पडदा पेटला आणि पडद्यावरून मांडव. दशरथ पुत्रशोकाची वाट न बघता वहाळात उडी टाकून वाचला. तेव्हापासून गावानं ठरवून टाकलं, की वाघजाईच्या उत्सवाचं नाटक उन्हात करायचं, आणि ज्याला रात्रीच्या नाटकाची हौस असेल त्यानं मुंबईला जावं.

या नाटकाचा पडदा सांभाळायचं काम महिपतीकडे होतं. त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा चार बोटं आखूड. लंगडा माणूस राम शोभत नाही, रावण शोभत नाही, आणि वानरसेनेत घातला तर लंकेला पोचेपर्यंत युद्ध संपतं, असं गावाचं म्हणणं. पस्तिशी उलटलेली, लग्न झालेलं नाही, घरात म्हातारी आई बयाबाई आणि गोठ्यात एक म्हैस. खरं तर तो गावकराच्या घराण्यातलाच. गावचा मानकरी हैबती गावकर हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. पण घराण्यानं त्याला पडवीतल्या एका खांबाला टेकायची परवानगी दिली होती, त्यापुढे काही नाही. पडवीत माणसं जमली आणि महिपतीला डुलकी लागली, की फणसाच्या आठळ्या मारून त्याला उठवायचे. सगळ्यांत नेम हैबतीचा चांगला. महिपती दचकून उठायचा, ओशाळं हसायचा आणि आठळ्या गोळा करून खिशात टाकायचा. भाजून खायला त्या बऱ्या लागतात.

हैबतीसमोर त्याची बोबडी वळायची. बाकी जगाशी तो धड बोलायचा, म्हशीशी तर फारच मोकळेपणानं. पण हैबती समोर आला की पहिलं अक्षर दातांत अडकायचं आणि तिथंच बसायचं. पडद्यामागे मात्र त्याचा आवाज खणखणीत. तालमी ऐकून ऐकून अख्खं नाटक त्याला पाठ असायचं; कोणी वाक्य विसरला की तो मागून सांगायचा, आणि तिथं तो कधीच अडखळला नाही. पडद्याआडून हैबती दिसत नव्हता, एवढंच त्याचं कारण.

दोन वर्षांपूर्वी हाच आवाज त्याला नडला. हैबती राजाच्या वेषात तलवार उपसून उभा राहिला आणि पुढचं विसरला. महिपतीनं मागून सांगितलं. हैबतीला ऐकू गेलं नाही. परत सांगितलं. तिसऱ्या खेपेला त्यानं असं सांगितलं की ते थेट शेवटच्या रांगेला पोचलं, आणि पुढे बसलेल्या पोराटोरांनी हैबतीच्या आधी ते वाक्य एका सुरात म्हणून टाकलं. अख्खं गाव मांड्या थोपटून हसलं. हैबती हसला नाही.

दुसऱ्या दिवशी महिपतीच्या घराकडे जाणाऱ्या पायवाटेवर करवंदीच्या काट्यांचं कुंपण पडलं.

ती वाट हैबतीच्या शेताच्या बांधावरून जायची. देवळापासून महिपतीच्या उंबऱ्यापर्यंत दोनशे पावलं. ती बंद झाल्यावर राहिली ती वहाळात उतरून मागची दरड चढायची वाट. धडधाकट माणसाला अर्धा तास, महिपतीला तास, आणि बयाबाईच्या गुडघ्यांना ती जमणारच नव्हती. दोन वर्षं म्हातारीनं देऊळ बघितलं नव्हतं. तिची मैतरीण ठकूबाई देवळाच्या पायरीवरून हाक मारायची, बयाबाई दारातून ओरडून उत्तर द्यायची, आणि दोघींची सुखदुःखं, ठकूबाईच्या सुनांच्या कागाळ्यांसकट, साऱ्या टेपवाडीला कळायची. महिपतीनं किती वेळा ठरवलं, की जाऊन सांगायचं, 'दादा, वाट मोकळी कर.' तो 'दा'च्या पुढे कधी गेला नाही.

इथं टेपवाडीचा एक रिवाज सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नाटक संपलं, की जानू गुरव देवीचा नारळ घेऊन वर चढायचा आणि खुर्चीवर बसलेल्या राजाच्या हातात द्यायचा. राजानं तो घेऊन, स्वतःच्या तोंडानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणायचं, 'आई वाघजाई, माझ्या घरी चल.' की देवीची पालखी उठली आणि त्या साली सगळ्यांआधी त्याच्या घरी गेली. आणि ज्या वाटेनं पालखी गेली ती वाट गावाची. तिच्यावर मग कोणी काटा टाकायचा नाही.

हा रिवाज घातला हैबतीच्या आजोबांनी. मानावरून भाऊबंदांत डोकी फुटत होती, तेव्हा म्हातारा मोठ्या मनानं म्हणाला, मान कोणा घराला नको, नाटकातल्या राजाला द्या. गाव भारावलं. मग म्हाताऱ्यानं राजाचं काम स्वतःकडे घेतलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही. त्याच्यामागून हैबतीचा बाप राजा झाला, बापामागून हैबती. साठ वर्षांत टेपवाडीच्या नाटकातला राजा कधी मेला नव्हता. मरेल कशाला?

एकोणऐंशी साली मुंबई मंडळाचं पत्र आलं. गिरणीत काम करणारी गावची पोरं गिरणगावात एका खोलीत वीस-वीस जण राहायची, उत्सवाला गावी यायची आणि वर्गणी तीच देत असल्यामुळे गावाला अक्कलही शिकवायची. मंडळाचा पुढारी सदू. त्यानं लिहिलं होतं, की तोच राजा, तोच राक्षस बघून पब्लिक बोअर झालं आहे, या सालाला नवीन आयटम पाहिजे. नवीन नाटक लिहिणार कोण? शाळेचे काशीराम गुरुजी.

गुरुजी महाडचे. बौद्ध. वय अठ्ठावीस, चष्मा, आणि पेटीत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. हैबतीच्या पडवीत त्यांना चहा मिळायचा, पण त्यांचा कप वेगळा, वाशाला अडकवून ठेवलेला. ज्याच्या आजोबानं तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायलं होतं, त्या महाडच्या माणसाला असला कप दाखवायचा म्हणजे हैबतीच्या निबरपणाची कमालच. गुरुजी कपाकडे बघायचे आणि म्हणायचे, "चहा आत्ताच झाला." दोन वर्षं त्यांचा चहा आत्ताच झालेला होता.

नाटकाचं ठरवायला ते पडवीत आले तेव्हा महिपती आपल्या खांबाला टेकून बसला होता.

"रोमचं नाटक लिहितो," गुरुजी म्हणाले. "दोन हजार वर्षांपूर्वीचं."

"रोम कुठं आलं?" हैबतीनं विचारलं.

"समुद्रापलीकडे. अर्ध्या जगावर त्यांचं राज्य होतं."

"राजा हाय ना?"

"सम्राट. कॅलिग्युला त्याचं नाव. तो स्वतःला देव म्हणवून घ्यायचा."

हैबती सावरून बसला. यात त्याला वावगं काही दिसलं नाही. "घोडा?"

"घोडा आहे. त्या घोड्याला कारभारी करायचा त्याचा विचार होता, असं म्हणतात."

"बरोबर हाय," हैबती म्हणाला. "आमच्या पंचायतीत बघा की. आनि लढाई?"

"लढाई नाही. मरण आहे. तुमच्या शेवटच्या प्रवेशात शिपाई तुम्हाला घेरतात आणि तीस वार घालतात."

"तीस!" हैबतीचे डोळे लकाकले. मरायची हौस त्याला फार दिवसांची होती. मेलेल्या नटाला टाळ्या पडतात हे त्यानं पोलादपूरच्या जत्रेत बघितलं होतं. एका वाराला एक गिरकी धरली तरी तीस गिरक्या होत होत्या. "चालंल. लिवा."

आता टेपवाडीत नाटक बसवायची पद्धत अशी, की अख्खं नाटक फक्त लिहिणाऱ्याकडे असायचं. बाकी प्रत्येकाला आपापली नक्कल मिळायची, म्हणजे वहीच्या पानावर उतरवलेली आपली तेवढी वाक्यं. दुसरा काय बोलतो, मागेपुढे काय होतं, याची चौकशी कोणी करत नसे. हैबती तर तालमीलाही आपला प्रवेश झाला की उठून जायचा. त्याच्या नकलेत शेवटी लिहिलं होतं, 'देवाला मारता? चांडाळांनो! (मरतो.)' ते वाचून तो महिपतीला म्हणाला, "महिप्या, ध्यान दे. मी मेलो का लगीच पडदा सोड. मंग मी उठून खुर्चीवर बसीन. मंग पडदा वर घे, म्हंजे जानू नारळ घेऊन येल. समाजलं?"

"स-स-स..." महिपती म्हणाला.

"हां. तेच."

आठ दिवसांनी गुरुजी महिपतीला शाळेत घेऊन बसले. त्याला 'तुम्ही' म्हणणारा गावात हा एकच माणूस. "महिपतीभाऊ, तुम्हाला या नाटकात काम आहे. क्लॉडियसचं. कॅलिग्युलाचा चुलता. जन्मापासून लंगडा, बोलताना अडखळायचा. घराण्याला त्याची लाज. जेवणावळीत त्याला झोप लागली की लोक खजुराच्या बिया मारायचे."

महिपतीनं नकळत खिशातल्या आठळ्या चाचपल्या. "खरं सांगताव?"

"पुस्तकात आहे. पुढे ऐका. शिपायांनी राजाला मारलं, महालात पळापळ झाली, हा भिऊन पडद्यामागे लपला. पण पडद्याखालून पाय दिसत होते. एका शिपायानं बाहेर ओढला. हा त्याच्या पायांवर पडला, मारू नको म्हणाला. आणि शिपाई म्हणाला, 'हाच आपला राजा.' पालखीत घातला आणि छावणीत नेला. रस्त्यातली माणसं हळहळली, बिचाऱ्याला मारायला नेतायत म्हणून."

"आनि मंग?"

"तेरा वर्षं राज्य केलं. बरं केलं. शेवटी बायकोनं अळंब्यांच्या भाजीतून विष घातलं असं म्हणतात, पण तेवढं आपल्या नाटकात नको. तुम्ही खुर्चीवर बसलात की नाटक संपलं."

महिपतीनं खिशातली एक आठळी काढून हातात फिरवली. "गुर्जी, खुर्चीवर मी बसनार? नाटक संपताना?"

"हो."

"मंग नारळ?"

"कुठला नारळ?" गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. ते टेपवाडीत दोन उत्सव बघून चुकले होते.

महिपतीनं त्या संध्याकाळी दरड चढताना तीन वेळा ठरवलं, की जाऊन काम नको म्हणून सांगायचं. घरी येऊन त्यानं आईला सगळं सांगितलं. बयाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. रोम, सम्राट, चांडाळ, सगळं तिनं मुकाट ऐकून घेतलं आणि मुद्द्याचं तेवढं विचारलं.

"म्हंजे आई आपल्याकडं येल?"

"मी नारळ घेतला आनि बोललो तर येल."

"मंग बोल की रे."

"हैबतीदादा म्होरं असनार, आये."

बयाबाईनं भाकरी उलटली. "दोन सालं झाली रं, मी ठकीचं तोंड बगितलं नाय. आवाज येतो नुसता. ती म्हातारी झालीय का तशीच हाय, मला काय म्हाईत?" एवढं बोलून तिनं पदरानं नाक पुसलं आणि धुराला शिव्या घातल्या. महिपतीनं काम नाकारायचा विचार सोडून दिला. रोज दरड चढता-उतरताना तो तीच चार अक्षरं घोकायचा, माझ्या घरी चल, माझ्या घरी चल. चार अक्षरं नव्हती ती, पण त्या चढावर मोजायला कोणाला दम होता?

उत्सवाचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी मुंबईची मंडळी उतरली होती. ती तालमीला कधीच नसायची, म्हणून गुरुजींनी त्यांना शिपाई केलं होतं. सदू शिपायांचा नाईक. महाडच्या कपडेवाल्याकडे रोमचे कपडे नव्हते. त्यानं पेटीत रावणाचा मुकुट, दोन गदा आणि एक शेपटी घालून दिली होती. शेपटी परत पेटीत ठेवली. बाकी सगळ्यांनी घरच्या पांढऱ्या चादरी एका खांद्यावरून गुंडाळल्या. शिपायांनी डोक्यावर तांब्याची पातेली घातली. हैबतीनं रावणाचा मुकुट घातला, तो काढायचा नाही अशी गुरुजींना ताकीद दिली आणि छातीशी कुंकवाच्या पाण्याची पिशवी बांधून घेतली.

पहिला अंक दणक्यात झाला. हैबतीनं घोड्याला कारभारी नेमलं, समुद्राला अटक केली, स्वतःची पूजा करवून घेतली. यातलं काहीही गावाला खोटं वाटलं नाही. मग सदू आणि त्याचे शिपाई भाले घेऊन घुसले. हैबती पहिल्या वाराला फिरला, दुसऱ्याला फिरला, आठव्यापर्यंत फिरला आणि घेरी येऊन बावीस वार शिल्लक असतानाच आडवा झाला. "देवाला मारता? चांडाळांनो!" पिशवी फुटली. टाळ्या पडल्या. हैबती डोळे मिटून पडून राहिला आणि पडद्याची वाट बघू लागला.

दर्शनी पडद्याची दोरी मागच्या, राजवाडा रंगवलेल्या पडद्याआड बांबूला बांधलेली होती. त्या पडद्याआड महिपती उभा होता, अंगावर चादर, हातात दोरी.

"महिप्या," मढं पुटपुटलं. "पडदा."

महिपतीनं हातातल्या दोरीकडे बघितलं. दोरी सोडायची म्हटलं तर एका बोटाचं काम. पडदा पडेल, हैबती उठून खुर्चीवर बसेल, नारळ त्याला, पालखी त्याच्याकडे, आणि महिपती पुन्हा खांबाला. कोणी काही म्हणणार नाही. गुरुजीसुद्धा म्हणणार नाहीत. नुसता चष्मा पुसतील.

"महिप्या, सोड रे पडदा! मेलो ना मी!"

महिपतीच्या बोटांना आयुष्यभराची सवय होती, ती सुटायला बघत होती. त्यानं दुसऱ्या हातानं त्यांना आवळलं. मग दोरीचे आणखी तीन वेढे बांबूला मारले, निरगाठ मारली, आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. इतकी भीती त्याला जन्मात वाटली नव्हती.

सदू रंगमंचावर फिरत फिरत आला. "महालात कोण हाय?" तो ओरडला. "ह्ये पाय कोनाचं?"

राजवाड्याच्या पडद्याखालून दोन पाय दिसत होते, एक टेकलेला आणि एक चवड्यावर. सगळं गाव एका आवाजात ओरडलं, "महिप्याचं!"

सदूनं पडद्यामागे हात घालून त्याला ओढला. महिपती बाहेर येऊन त्याच्या पायांवर कोसळला. नकलेत होतं 'मला मारू नका', पण ते म्हणताना त्याच्या तोंडाला खरोखरचा फेस आला, कारण दोन हातांवर हैबती एक डोळा उघडून त्याच्याकडे बघत होता. गावाला वाटलं, काय नट आहे! टाळ्या थांबेनात. शिपायांनी महिपतीला खांद्यावर घेतला, एक फेरी मारली, मढ्यावरून ओलांडून नेला आणि खुर्चीवर आदळला. सदूनं रावणाचा मुकुट हैबतीच्या डोक्यावरून काढून त्याच्या डोक्यावर ठेवला.

आणि जानू गुरव नारळ घेऊन वर चढला.

"ए जानू, थांब!" हैबती उठून बसला.

"पड रे! मेलायस तू!" मागून कोणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले. पोरं तर टाळ्यांचा ठेका धरून ओरडत होती.

"नाटक झालं! राजा मी हाय! मान माझा हाय!"

जानू गुरव सत्तरीचा. तीन गावकरांना नारळ देत आलेला. त्यानं मेलेल्या राजाकडे बघितलं, जिवंत राजाकडे बघितलं. "तुज्या आज्यानं मला सांगितलंय," तो म्हणाला. "खुर्ची बगायची, तोंड नाय बगायचं. पन्नास सालं मी खुर्चीला नारळ देतोय. तू बसला व्हतास म्हनून तुला मिळाला." आणि त्यानं नारळ महिपतीच्या हातात ठेवला.

पोरांचा ठेका थांबला. आता बोलायचं होतं.

महिपती उभा राहिला. समोर हैबती, चादर लाल, डोळे त्याहून लाल. "बोल की," हैबती हळूच म्हणाला. "बोल, लंगड्या. बगू."

"आ," महिपती म्हणाला. "आ-आ-आ..."

कोणी हसलं नाही. ठकूबाई पायरीवर पदर तोंडात धरून बसली होती. गुरुजींनी हातातल्या वहीकडे बघितलं. हे वाक्य त्यांच्या नाटकात नव्हतं, सांगणार काय? हैबतीच्या ओठांवर हसू यायला लागलं. बोलता आलं नाही तर नारळ परत जातो, तो कोणाकडे जातो, हे काय सांगायला हवं?

महिपतीनं नारळ छातीशी धरला, पाठ फिरवली आणि लंगडत लंगडत राजवाड्याच्या पडद्यामागे निघून गेला.

गावानं सुस्कारा टाकला. हैबती खुर्चीकडे सरकला. पडद्याखालून दोन पाय दिसत होते, एक टेकलेला, एक चवड्यावर. आणि तिथून, तो जुना खणखणीत आवाज आला, जो तीन खेपांत शेवटच्या रांगेला पोचायचा आणि आज एकाच खेपेत वहाळापलीकडे पोचला.

"आई वाघजाई, माझ्या घरी चल!"

ढोल वाजला. रिवाजात तोंड स्वतःचं असावं असं होतं; ते पडद्याच्या कुठल्या बाजूला असावं याबद्दल हैबतीचा आजोबा काही बोलून गेला नव्हता.

पालखी उठली. पुढचा दांडा गावकराच्या खांद्यावर, हाही त्याच आजोबाचा रिवाज. मान सोडवत नाही असल्या माणसांना. हैबतीनं रक्ताच्या चादरीसकट खांदा दिला. बांधापाशी आल्यावर तो थांबला. समोर त्याचेच काटे.

"दरडीच्या वाटेनं नेऊ," तो म्हणाला.

"आईला वहाळातनं न्यायची?" जानू गुरवानं विचारलं. "ओल्या पायांनी?"

मागे सगळं गाव उभं. ढोलवाला वाजवत राहिला. हैबतीनं दांडा सदूच्या खांद्यावर दिला, वाकला, आणि दोन वर्षं वाळलेली करवंदी उघड्या हातांनी उपसायला लागला. बोटांतून खरं रक्त निघालं, ते कुंकवाच्या रक्तात कोणाला वेगळं दिसलं नाही. त्याला मदत करायला फक्त एकच माणूस पुढे झाला. महिपती. डोक्यावर मुकुट तसाच.

बयाबाईनं दारातून बघितलं ते असं. दोन वर्षं ओस पडलेल्या वाटेनं अख्खं गाव ओरडत येतंय, डोक्यावर पातेली घातलेले आणि भाले घेतलेले गडी, पुढे रक्तानं भिजलेला हैबती, आणि त्यांच्या मधोमध चादरीत गुंडाळलेला तिचा लेक; पालखी गर्दीआड लपलेली. तिनं आत जाऊन कोयती आणली.

"कोन हात लावतो रे माज्या पोराला?" ती उंबऱ्यावरून ओरडली. "या! एकेक या!"

महिपती खूप हसला. हसता हसता त्याला रडू यायला लागलं, तेव्हा त्यानं मुकुट तोंडावर ओढला. "आये, पालखी हाय," तो म्हणाला. हैबती शेजारीच उभा होता, आणि महिपती अडखळला नव्हता, हे दोघांच्याही ध्यानात एकदमच आलं.

मग ठकूबाई पुढे आली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. "जाम म्हातारी झालीस गो," बयाबाई म्हणाली, आणि कोयती टाकून तिनं तिला मिठी मारली. देवी जरा वेळ ताटकळली.

बयाबाईच्या घरात कप चार आणि दारात माणसं शंभर. चहा फिरत राहिला. कोणाचा कप कोणाकडे गेला हे तिलाही सांगता आलं नसतं. गुरुजींनी पिऊन ठेवलेला कप ठकूबाईनं भरून हैबतीच्या हातात दिला. मरून मरून त्याचा घसा सुकला होता. त्यानं कपाकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं, आणि प्यायला.

"आणखी घ्या गावकर," गुरुजी म्हणाले. "माझा आत्ताच झाला."

पावसाळा लागला. श्रावणातल्या एका सकाळी बांधावरून हैबतीची बायको रंगूबाई आली, डोक्यावर इरलं, हातात झाकलेलं पितळी पातेलं. वाट उघडल्यापासून ती पहिल्यांदाच इकडे येत होती. "ह्यांनी दिलंय," ती म्हणाली, पातेलं पुढे सारलं आणि थांबली नाही. पाऊस होता.

महिपतीनं झाकण काढलं. अळंब्या. ओलं खोबरं घालून केलेल्या, वाफ निघत होती. तो त्या पातेल्याकडे बघत बसला. रोमचा सगळा इतिहास त्याच्या डोळ्यांपुढून गेला.

"काय रे, जेवत का नाय?" बयाबाईनं विचारलं.

महिपतीनं दाराबाहेर बघितलं. बांधावरच्या चिखलात रंगूबाईच्या पावलांचे ठसे होते, देवळापासून थेट उंबऱ्यापर्यंत, आणि त्यांच्यावरून ठकूबाई काठी टेकत येत होती.

"जेवतो," तो म्हणाला. "ठकूमावशीला येऊ दे. तिलापन वाढ." आणि त्यानं भाकरी मोडून पहिला घास आपणच घेतला.